अकरा सेकंद म्हणजे नक्की किती? ब्रेडबोर्डवरचा वन-शॉट टायमर

संशोधनाकडे वळू पाहणारे विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात : लॅबमध्ये पाय ठेवण्याआधी घरच्या घरी सराव म्हणून काय करता येईल? कोर्स, पेपर, सॉफ्टवेअर या गोष्टी आहेतच. पण माझं उत्तर जरा वेगळं असतं. ५५५ नावाचा आठ पायांचा आयसी घ्या, ब्रेडबोर्डवर वन-शॉट टायमर बांधा आणि तो किती वेळ चालू राहतो हे प्रामाणिकपणे मोजा. बांधायला अर्धा तास लागेल. मोजण्यात आठवडा गेला तरी चालेल, कारण खरी गंमत तिथेच आहे.

वन-शॉट म्हणजे काय? बटण एकदा दाबलं की आउटपुट चालू होतं, ठरलेला वेळ चालू राहतं आणि आपोआप बंद होतं. जिन्यातला दिवा आठवा : बटण दाबून आपण वर जातो, तो थोड्या वेळाने स्वतःच विझतो. पुस्तकात याला मोनोस्टेबल म्हणतात, कारण या सर्किटची एकच अवस्था स्थिर असते, ती म्हणजे 'बंद'. लॅबमध्ये अशा पल्सवर व्हॉल्व्ह उघडतो, शटर उघडतं, हीटर चालू राहतो. व्हॉल्व्ह ११ सेकंद उघडा राहील असं तुम्ही धरलंत आणि तो १४ सेकंद उघडा राहिला, तर प्रत्येक नमुन्यात पाव हिश्शाहून जास्त द्रावण जादा गेलं. पुढचे सगळे आलेख त्याच चुकीवर उभे राहणार, आणि आलेख बघून ते कुणाच्याही लक्षात येणार नाही.

५५५ची रचना हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्स या अमेरिकन कंपनीसाठी केली आणि १९७२ मध्ये तो बाजारात आला. आत ५ किलोओहमचे तीन रेझिस्टर आहेत म्हणून नाव ५५५, असं व्हायवात सर्रास सांगितलं जातं. खुद्द कामेनझिंड यांनी सांगितलंय की तो आकडा कंपनीच्या मार्केटिंगवाल्याने सहज निवडला होता. पण ते तीन रेझिस्टर आहेत हे खरं, आणि सगळी करामत त्यांचीच आहे.

हे तीन सारखे रेझिस्टर सप्लायच्या व्होल्टेजचे तीन समान भाग पाडतात. ९ व्होल्टची बॅटरी असेल तर आत ३ व्होल्ट आणि ६ व्होल्ट अशा दोन खुणा तयार होतात. पिन २ (ट्रिगर) ३ व्होल्टच्या खाली गेली की आउटपुट चालू होतं. इतका वेळ पिन ७ने बाहेरचा कपॅसिटर जमिनीला बांधून रिकामा ठेवलेला असतो, तो आता मोकळा सुटतो. रेझिस्टरमधून करंट येतो, कपॅसिटर भरू लागतो. पिन ६ त्याच्यावर नजर ठेवून असते. ६ व्होल्ट झाले की आउटपुट बंद, आणि पिन ७ कपॅसिटर पुन्हा रिकामा करते.

शून्यापासून दोन तृतीयांशापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ म्हणजे आर गुणिले सी गुणिले ३चा नैसर्गिक लॉग, म्हणजे १.०९८६. पुस्तकातलं '१.१ आरसी' ते हेच. या सूत्रात सप्लायचं व्होल्टेज कुठेच नाही, हे पाहिलंत का? बॅटरी ९ची ७.५ व्होल्टवर आली तर कपॅसिटर सावकाश भरतो, पण पोहोचायची खूणही ६वरून ५ व्होल्टवर येते. दोन्ही एकाच प्रमाणात हलतात, त्यामुळे वेळ तोच राहतो. पन्नास वर्षं हा आयसी टिकून आहे त्यामागे ही एक साधी कल्पना आहे. आणि पुढे आपण तिचाच उपयोग चोर पकडायला करणार आहोत.

आता बांधणी. सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा ऑनलाइन कुठेही मिळेल. ब्रेडबोर्डच्या मधल्या खाचेवर आयसी असा बसवा की चार पाय अलीकडे आणि चार पलीकडे येतील. आयसीवरची अर्धगोल खाच डावीकडे ठेवलीत तर खालची डावीकडची पहिली पिन १. तिथून उजवीकडे ४पर्यंत मोजायचं आणि वरच्या बाजूने उलटं येत ८ला संपायचं. पिन १ जमिनीला, पिन ८ प्लसला. पिन ४ (रीसेट) थेट प्लसला जोडा, ती लोंबकळत ठेवू नका. पिन ६ आणि ७ एकमेकींना जोडा. त्या जोडापासून प्लसकडे १०० किलोओहम आणि त्याच जोडापासून जमिनीकडे १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक, २५ व्होल्टचा. ज्या पायाशेजारी कपॅसिटरच्या अंगावर उणे चिन्हाचा पट्टा असतो तो पाय जमिनीकडे गेला पाहिजे. आउटपुट पिन ३ : तिथून ४७० ओहम आणि एलईडीमधून जमिनीला.

दोन लहान कपॅसिटर बरेच जण 'त्याशिवायही चालतं' म्हणून गाळतात. गाळू नका. पिन ५ ते जमीन ०.०१ मायक्रोफॅरड, म्हणजे आतल्या खुणा बाहेरच्या गोंगाटाने हलत नाहीत. आणि पिन ८ व १ यांच्यामध्ये, आयसीला अगदी चिकटून, ०.१ मायक्रोफॅरड. जुन्या धाटणीचा ५५५ आउटपुट पालटताना सप्लायमधून क्षणभर मोठा करंट ओढतो. ब्रेडबोर्डच्या लांबलचक पट्ट्या आणि वायरी तो झटका नीट पुरवू शकत नाहीत. एक आयसी असेल तोवर चालून जातं. शेजारी दुसरा बसवलात की त्याला न दाबलेली बटणं दाबल्यासारखी वाटू लागतात.

बटणाचा भाग मात्र नीट समजून घ्या. सगळ्यात सोपी जोडणी म्हणजे पिन २वरून १० किलोओहम प्लसला आणि बटण पिन २ ते जमीन. चालते, पण दोन भानगडी आहेत. पहिली : बटण ११ सेकंदांपेक्षा जास्त वेळ दाबून धरलंत तर ट्रिगर थ्रेशोल्डवर मात करतो आणि बोट उचलेपर्यंत आउटपुट चालूच राहतं. दुसरी अधिक चिवट आहे. बटणाचे पत्रे जुळताना आणि सुटताना काही मिलिसेकंद थरथरतात. दाबतानाची थरथर त्रास देत नाही, कारण पल्स आधीच सुरू झालेला असतो. पण उशिरा सोडलेल्या बटणाची थरथर नवा पल्स सुरू करते, म्हणजे आणखी ११ सेकंद!

यावर उपाय असा : बटण आणि पिन २ यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. १० किलोओहम पिन २वर तसाच राहू द्या, आणि बटण व कपॅसिटर जिथे मिळतात तिथून १०० किलोओहम प्लसला जोडा. आता दाबल्यावर पिन २ला फक्त एक छोटा धक्का बसतो. ती अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत ३ व्होल्टच्या वर परत येते, मग बोट कितीही वेळ राहू दे. सोडल्यावर १०० किलोओहममुळे तो बिंदू सावकाश वर चढतो. नवा ट्रिगर द्यायचा तर त्याने आधी किमान ६ व्होल्ट चढायला हवेत आणि त्याला साधारण १२ मिलिसेकंद लागतात. तोवर थरथर बहुधा थांबलेली असते.

बॅटरी लावल्या लावल्या एलईडी एकदा आपोआप पेटला तर घाबरू नका. एकदा पूर्ण होऊ द्या आणि मग सुरुवात करा.

सर्किट चाललं. आता मोजूया.

कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये आपण काय करतो? सूत्राने ११ सेकंद काढतो, स्टॉपवॉच लावतो, १२.४ येतं, आणि जर्नलमध्ये ११.२ लिहितो, कारण सही लवकर मिळते. 'निष्कर्ष : प्रयोग यशस्वी.' संशोधनात हीच सवय सगळ्यात महाग पडते. १२.४ आणि ११ यांच्यातला १.४ सेकंदांचा फरक हीच तुमच्या हाती आलेली एकमेव नवी माहिती होती आणि तीच आपण खोडली.

आधी मोजण्याचं साधन बघा. स्टॉपवॉचमध्ये तुमच्या बोटाची दिरंगाई येते. सुरुवातीची आणि शेवटची दिरंगाई बरीचशी एकमेकींना खाऊन टाकतात, तरी एक-दोन दशांश सेकंदांचा विस्कळीतपणा उरतोच. फोनचा कॅमेरा बरा. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची. ११ सेकंदांत ती ०.३ टक्के. काही फोन फ्रेमचा वेग मधेच बदलतात, म्हणून आधी सेकंदाचे अंश दाखवणाऱ्या घड्याळाचा व्हिडिओ काढून कॅमेराच तपासून घ्या. ऑसिलोस्कोप किंवा अर्डुइनो असेल तर उत्तमच.

दहा रीडिंग घ्या. समजा ती १२.७, १२.५, १२.४४, १२.४१, १२.४२ आणि पुढे १२.४च्या आसपास स्थिर अशी आली. पहिली दोन-तीन मोठी आली तर ती 'चुकली' म्हणून फेकू नका. बरेच महिने दुकानात पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिकच्या आतला ऑक्साइडचा थर थोडा बिघडलेला असतो. व्होल्टेज मिळालं की तो पुन्हा सावरतो आणि गळती कमी होत जाते. म्हणजे तुमचा घटक तुमच्यासमोर बदलतोय. सगळ्या दहांची सरसकट सरासरी काढलीत तर हा बदल तिच्यात गडप होईल.

नंतरची रीडिंग एकमेकांशी छान जुळतात, फरक जेमतेम ०.३ टक्के. तरीही सूत्रापासून ती १३ टक्के दूर आहेत. पुन्हा पुन्हा तेच येणं आणि बरोबर येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तकात हे एका ओळीत वाचलेलं असतं, इथे ते टेबलावर दिसतं.

मग १३ टक्के आले कुठून? संशयितांची यादी डेटाशीटमध्येच आहे. रेझिस्टर मेटल फिल्मचा असेल तर १ टक्का. आयसीची स्वतःची चूक साधारण १ टक्का, जास्तीत जास्त ३. आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर? बहुतेकांवर उणे-अधिक २० टक्के. म्हणजे पुस्तकी ११ सेकंद खरं तर ८.८ ते १३.२ असे होते! वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलंत तरी एकूण अनिश्चितता २० टक्क्यांच्या आसपासच राहते. बाकीचे त्यात दिसतही नाहीत. अशा सर्किटसाठी कुणी ०.१ टक्क्याचा महागडा रेझिस्टर आणला तर त्याला हिशेब करायला बसवा.

'मग मीटरवर कपॅसिटर मोजू आणि तो आकडा सूत्रात घालू,' असं तुम्ही म्हणाल. मोजा, पण एलसीआर मीटर १ किलोहर्ट्झला एक आकडा दाखवेल आणि १२० हर्ट्झला वेगळा, थोडा मोठा. इलेक्ट्रोलिटिकची धारिता वारंवारिता कमी होत जाते तशी वाढते. तुमचं सर्किट तर तो ११ सेकंदांत एकदाच भरतंय. तेव्हा मीटरचा आकडा मदतीला घ्या, पण तो अंतिम निकाल मानू नका.

दुसरा संशयित म्हणजे गळती. सूत्रात गृहीत धरलंय की रेझिस्टरमधून आलेला सगळा करंट कपॅसिटरमध्ये साठतो. प्रत्यक्षात थोडा कपॅसिटरच्या आतूनच झिरपून जातो. शेवटच्या क्षणी, कपॅसिटरवर ६ व्होल्ट असताना, रेझिस्टरवर फक्त ३ व्होल्ट उरतात. १०० किलोओहममधून तेव्हा ३० मायक्रोअँपिअर येतात, त्यातला १ झिरपला तर वेळ २ टक्क्यांनी वाढतो. आता वेळ तोच ठेवून १ मेगाओहम आणि १० मायक्रोफॅरड घ्या. गुणाकार तोच, सूत्राचं उत्तरही तेच, पण शेवटी येणारा करंट आता फक्त ३ मायक्रोअँपिअर. इथे १ मायक्रोअँपिअर गळाला तर ११ऐवजी जवळजवळ १३.९ सेकंद लागतात. सुरुवातीला म्हटलेला १४ सेकंदांचा व्हॉल्व्ह तो हाच. आणि गळती ३ मायक्रोअँपिअर असेल तर कपॅसिटर ६ व्होल्टपर्यंत कधीच पोहोचणार नाही; एलईडी पेटला तो पेटलाच. ही अतिशयोक्ती वाटते? साध्या इलेक्ट्रोलिटिकच्या डेटाशीटमध्ये गळतीची मर्यादा बऱ्याचदा '०.०१ सीव्ही किंवा ३ मायक्रोअँपिअर, यातलं जे मोठं ते' अशी लिहिलेली असते. बहुतेक नग त्याच्या खूप खाली असतात, पण सगळे असतीलच याची हमी कंपनीने दिलेली नाही.

तिसरा संशयित म्हणजे तुम्ही. कपॅसिटर कसा भरतो ते बघायला तुम्ही मल्टिमीटर पिन ६वर लावता. त्याचा अंतर्गत रोध साधारण १० मेगाओहम, म्हणजे गळतीची आणखी एक वाट. १०० किलोओहम असताना वेळ जेमतेम ०.८ टक्के वाढतो, लक्षातही येत नाही. १ मेगाओहम असताना ११चे १२ सेकंद होतात. ऑसिलोस्कोपचा प्रोब १०एक्सऐवजी १एक्सवर राहिला असेल तर रोध १ मेगाओहम, आणि कपॅसिटर ४.५ व्होल्टवरच अडकून बसतो. सर्किट बंदच पडत नाही म्हणून तुम्ही आयसी बदलता, वायरी बदलता, आणि दोष निघतो दोष शोधायला लावलेल्या प्रोबमध्ये. वेळ मोजायचा असेल तर प्रोब पिन ३वर लावा. ते आउटपुट दणकट असतं, मीटरच्या मायक्रोअँपिअरने त्याला काही फरक पडत नाही.

आता प्रश्न असा : तुमचे १३ टक्के धारितेचे की गळतीचे? एका वेळेच्या मोजमापातून हे सांगता येत नाही, कितीही वेळा मोजलंत तरी. त्यासाठी दुसरा प्रयोग रचावा लागतो. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला हा सगळ्यात मोलाचा भाग आहे.

कपॅसिटर तोच ठेवा, रेझिस्टर बदला : २२, ४७, १००, २२०, ४७० किलोओहम आणि १ मेगाओहम. १०० मायक्रोफॅरडबरोबर वेळ साधारण २.४ सेकंदांपासून ११० सेकंदांपर्यंत जाईल, म्हणजे फोनचा कॅमेरा पुरेल. प्रत्येक रेझिस्टर आधी मीटरवर मोजून घ्या. मग वेळ भागिले रोध हा आकडा काढा आणि रोधासमोर त्याचा आलेख मांडा. फक्त धारिताच जास्त असेल तर हा भागाकार सगळीकडे सारखा येईल : आडवी रेष, अपेक्षेपेक्षा थोडी वर. गळती असेल तर रेष डावीकडे आडवी आणि उजवीकडे वर वळलेली दिसेल, कारण मोठ्या रेझिस्टरला तेवढीच गळती जड जाते. दोन्ही असतील तर डावीकडचा सपाट भाग धारिता सांगेल आणि उजवीकडचं वळण गळती. गळती व्होल्टेजबरोबर बदलते, त्यामुळे वळणाचा आकार हिशेबाशी तंतोतंत जुळणार नाही. दिशा मात्र चुकत नाही.

आणखी एक पडताळा आहे, आणि तो मला जास्त आवडतो. सप्लाय ९ऐवजी १२ व्होल्ट करा. शुद्ध सूत्रानुसार वेळ बदलायला नको. आयसीमुळे होणारा बदल सहसा दर व्होल्टला ०.१ टक्क्याच्या आसपास असतो. वेळ त्याहून ठळक बदलला, तर आरसी सोडून तिसरं काहीतरी सर्किटमध्ये आहे हे नक्की. एलईडीचा करंट वाढेल, म्हणून ४७०च्या जागी १ किलोओहम घाला.

दोषी इलेक्ट्रोलिटिक ठरला तर? १ मायक्रोफॅरडचा पॉलिएस्टर फिल्म कपॅसिटर घ्या. त्याची गळती नगण्य आणि चूक ५-१० टक्के. पण ११ सेकंदांसाठी मग १० मेगाओहम लागतो आणि शेवटी येणारा करंट उरतो फक्त ०.३ मायक्रोअँपिअर. साध्या ५५५ची पिन ६ स्वतःच, अगदी वाईट नग असेल तर, ०.२५ मायक्रोअँपिअर खाऊ शकते. एक भोक बुजवलं की दुसरं दिसतं ते असं. तिथे ७५५५ किंवा टीएलसी५५५ हा सीमॉस अवतार वापरा. त्याच्या पिनांना लागणारा करंट पिकोअँपिअरमध्ये मोजतात. आउटपुट मात्र अशक्त असतं, एलईडीसाठी २.२ किलोओहम ठेवा. आणि १० मेगाओहमवर काम करताना बोटांचा घाम आणि पावसाळ्यातली दमट हवा यांनाही सर्किटचे घटक धरा.

'यापेक्षा अर्डुइनोने दोन ओळीत वेळ अचूक येईल ना?' येईल, आणि प्रत्यक्ष प्रयोगात मीही तेच सुचवेन. तरी सॉफ्टवेअर अडकलं तरी हीटर बंद व्हायलाच हवा, अशा ठिकाणी असा स्वतंत्र वन-शॉट अजूनही कामाचा असतो. मग तिथे वहीत '११ सेकंद' एवढंच लिहून भागत नाही. रेझिस्टर मोजून किती आला, कपॅसिटर कोणत्या जातीचा आणि किती व्होल्टचा, आयसीवर छापलेला पूर्ण क्रमांक, सप्लाय, खोलीचं तापमान, वेळ कशाने मोजला, प्रोब कुठे होता, आणि पहिल्या रीडिंगसकट दहाही रीडिंग जशी आली तशी लिहा. १ मेगाओहमवर एलईडी पाच मिनिटांनीही विझला नाही तर तेही लिहा, आणि सर्किट उचकटण्याआधी पिन ६वरचा मीटर काढून पुन्हा एकदा बटण दाबा.